सिस्टरांच्या विहिरींना पडलेली मतं

तिसगावात येऊन दीना उजागरे कुठं राहतात असं विचारलंत, तर चार माणसं डोकं खाजवतील. सिस्टर कुठं राहतात असं विचारा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून त्या आल्या आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिल्या. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी पहिला टाहो फोडला तो सिस्टरांच्या हातात. त्यामुळे मोठमोठी मिशीवाली माणसंही त्यांच्यासमोर जपून बोलतात. न जाणो, सगळ्यांदेखत एखादी आठवण काढायच्या.

मी रुपाली. आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती घरी आल्यावरही सुटत नाही, आणि स्वभावही त्या आवाजाला शोभेल असाच आहे. माझ्याबद्दल एवढं पुरे. हे लिहायला बसले ते सिस्टरांसाठी. त्यांचे उपकार फेडणं माझ्याच्यानं होणार नाही, निदान मानावेत तरी.

माझी मोनिका त्यांच्याच हातची. उन्हाळ्यातली दुपार, लाईट गेलेली, पंखा बंद आणि मला कळा सुरू. मी सासूपासून सुरुवात करून सरपंचापर्यंत एकेकाचा उद्धार करत होते. नवऱ्याचा नंबर तर दर कळेला लागत होता. सिस्टरांनी कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि म्हणाल्या, "दे शिव्या, पोटभर दे. पन एक कर. तू आता हितं न्हाईस. तू लांबच्या एका मुलखात आलीस. समोर विहीर हाय, आनि ती विहीर बोलती. म्हनती, पानी देते, पन आधी एक खरं सांग. काय सांगशील?"

मी म्हटलं, "मला लई भ्या वाटतंय."

तोवर हे मी कुणाला बोलले नव्हते. आईलासुद्धा नाही. कुणाच्या बापाला भीत नाही, हे माझं गावभर पसरलेलं नाव होतं.

"विहिरीनं ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. "पोहरा भरून वर आला. आता पानी पी आनि चल. पुढं दोन वाटा फुटत्यात. एक टेकडावरनं जाती, एक ओढ्यातनं. कंची धरतीस?"

मी ओढ्यातली धरली. पुढं काय काय भेटलं, कुणाला काय उत्तर दिलं, सगळं आता आठवत नाही. मोनिका झाली तेव्हा मी कुठल्यातरी खिंडीत एका राक्षसिणीशी भांडत होते एवढं नक्की. पोरगी रडली तेव्हा कुठं मी उपकेंद्रात परत आले.

सिस्टर हे सगळ्याच बायकांशी करायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे यजमान दानीएलसर शाळेत शिक्षक होते, ते लवकर गेले. मूलबाळ नाही. दुसऱ्यांची बाळंतपणं करता करता त्यांनी हा बोलत्या विहिरींचा मुलूख एकेक वाट जोडत वाढवत नेला होता, आणि असा खेळ जगात असतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

तो खेळ आणला केविननं. केविन म्हणजे सिस्टरांच्या धाकट्या बहिणीचा, सोनईच्या रूथबाईंचा मुलगा. पुण्याला शिकत असताना एका नाताळच्या सुट्टीत तो मावशीकडे एक भलामोठा खोका घेऊन आला. खोक्यात जाडजूड पुस्तकं, नकाशे आणि वीस तोंडांचा फासा. खेळ असा, की एकानं जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगातलं कुणीतरी व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सांगणारा म्हणतो, समोर बंद दरवाजा आहे, काय करता? तुम्ही म्हणायचं, लाथ मारतो. दरवाजा मोडतो की पाय, ते फासा ठरवतो. पुण्यात म्हणे पोरं आठवडेच्या आठवडे हे खेळत बसतात, आणि कुणाचं जग जास्त चालतं यावर त्यांच्यात हमरीतुमरी होते.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे केविन, ह्यात नवं काय? हे तर मी बाळंतपनात करते."

केविन हसला. मग म्हणाला, बरं, करून दाखव. त्या दिवशी त्यांच्या पडवीत आम्ही चौघं-पाचजण सहज बसलो होतो, ते दिवेलागणीलाच उठलो. केविन नंतर हसला नाही.

तेव्हापासून रविवारी चर्च सुटलं, जेवणं झाली, की सिस्टरांच्या पडवीत चटई पडायची. मी, माझा नवरा मच्छिंद्र, आमच्या शेजारच्या मालनबाई, आणखी येईल तो. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी फासे म्हणजे जुगार असा आक्षेप घेतला, तर सिस्टरांनी फासा केविनला परत दिला आणि चिंचोके फोडले. पांढरी बाजू वर आली की जमलं, काळी आली की फसलं. चिंचोक्यांवर आक्षेप घेईल असा माणूस नगर जिल्ह्यात अजून जन्मायचाय. सुरू करण्याआधी सिस्टर डोळे मिटून देवाचे उपकार मानायच्या. आमचे हे तेवढ्या वेळात शेंगदाण्यांकडे हात न्यायचे आणि त्या मिटल्या डोळ्यांनीच हातावर चापट मारायच्या.

सुरुवातीला आम्ही केविनच्या खोक्यातलं जग खेळून बघितलं. बर्फाचे डोंगर, किल्ले आणि ड्रॅगन, म्हणजे पंख असलेला, आग ओकणारा अजस्र साप. आमच्यानं ते जमेना. मालनबाईंचा पहिला सवाल, "एवढ्या बर्फात सरपन कुठलं आनायचं?" केविन पुस्तकाची पानं चाळायला लागला. ड्रॅगन समोर आला तेव्हा तलवार काढायची सोडून आमच्या ह्यांनी विचारलं, "पाव्हनं, गाव कंचं?" आता सांगणाऱ्याला उत्तर देणं भाग. केविननं काहीतरी गाव सांगितलं, ह्यांनी तिथले सोयरे काढले, आणि अर्ध्या तासात ड्रॅगन चहाला बसला. केविन डोकं धरून म्हणाला, अहो काका, त्याला मारायचं असतं! हे म्हणाले, "वळख निघाल्यावर कसं मारायचं?"

सिस्टरांच्या मुलखात मात्र आम्ही असे मिसळलो की कुणी बाहेर निघायला तयार होईना. तिथला कायदा एकच. जखमी झालात, दमलात, वाट चुकलात, की विहीर गाठायची आणि एक खरं सांगायचं. खोटं सांगितलं तर पोहरा रिकामा वर येतो. खरं की खोटं हे चिंचोक्यांवर नव्हतं. सिस्टर नुसत्या तोंडाकडे बघायच्या. खेळातल्या माणसाचं खरं सांगितलं तरी चालायचं, पण त्यांनी तसं बघितलं की आपलंच काहीतरी बाहेर पडायचं. मालनबाई एकदा म्हणाल्या, "भजनात मी नुसते व्हट हालवते. मला एक अभंग पाठ न्हाई." आम्ही हसून हसून लोळलो. पण पडवीतलं बाहेर न्यायचं नाही हे न सांगताच ठरलेलं होतं. आज मी लिहितेय ते मालनबाईंना विचारून.

आणि एका रविवारी आमच्या ह्यांचा योद्धा बाण लागून विहिरीवर आला. ह्यांनी हातातला शेंगदाणा खाली ठेवला. मग म्हणाले, "वडलांचा हात गिरनीच्या पट्ट्यात गेल्ता. तवापासनं रोज सकाळी गिरनी चालू करताना मी डोळं मिटतो."

इतकी वर्षं संसार केला, एका ताटात जेवलो, आणि मला हे माहीत नव्हतं. उलट सकाळी उशीर करतात म्हणून मी रोज तोंडाचा पट्टा चालवायचे. दुसऱ्या दिवसापासून गिरणी मी चालू करते. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पण सिस्टरांचे उपकार म्हणते ते हेच. त्यांनी माझी पोरगी जगात आणली, आणि माझा नवरा मला नीट दाखवला.

पुढं केविननं पुण्यातली नोकरी सोडली आणि शेवगावात एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत खेळघर काढलं. मोठं टेबल, दिव्यांच्या माळा, मातीचे रंगवलेले ड्रॅगन. शनिवारी शेवगाव, मधल्या वारी सोनईला आईकडे, आणि रविवारी बऱ्याचदा आमच्याकडे. तिन्हीकडे तो तीन जगं खेळवायचा. एक खोक्यातलं ड्रॅगनचं राज्य, दुसरं त्यानं स्वतः रचलेलं हजार बेटांचं, जिथं सगळा कारभार गलबतांवर चालतो, आणि तिसरं मावशीच्या विहिरींचं.

कुठं कुठलं जग चालतं यावर त्याचा फार विचार चालायचा, आणि मला विचाराल तर त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आमच्या कोरड्या तिसगावात बेटांवर उड्या पडायच्या. चारी बाजूंनी पाणी, हे नुसतं ऐकूनच आमच्या माणसांना गार वाटतं. सोनईला कालव्याचं पाणी, ऊस, हाताशी कारखाना. त्यांना पाण्याचं काय कौतुक? त्यांना ड्रॅगनच्या गुहेतलं सोनं पाहिजे. शेवगाव पडलं बाजाराचं गाव. तिथल्या मंडळींनी ड्रॅगनच्या राजधानीत शिरल्याबरोबर आधी आडत कुठं आहे ते विचारलं आणि लढाईच्या दिवशी तलवारींचा भाव वाढवून दिला. ज्याला जे मिळत नाही ते तो खेळात मागतो आणि ज्याची सवय आहे तेच तिथं जाऊन करतो.

तर या केविनला एक दिवस दुर्बुद्धी सुचली. वाईट मनानं नव्हे. दिवाळीनंतर नवी पुस्तकं, नवे नकाशे घ्यायचे होते, कुठल्या जगासाठी घ्यावेत ते कळेना. त्यानं मोबाईलवर तिन्ही गावच्या खेळगड्यांच्या ग्रुपवर मतदान टाकलं. तीन जगांत सगळ्यात भारी कुठलं?

निकाल सगळ्यांना दिसत होता. ड्रॅगनच्या राज्याची पट्टी मोबाईलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बेटांची त्याच्या निम्मी. आणि बोलत्या विहिरींची पट्टी नखाएवढी. त्या नखातलं एक मत माझं होतं.

सिस्टरही त्या ग्रुपवर होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर चटई टाकलेली नव्हती. ती गुंडाळून भिंतीला उभी केलेली. सिस्टर तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आज खेळ न्हाई."

मला वाटलं बरं नसेल. तर म्हणाल्या, "बरी हाय मी. पन लोकांना न आवडनारं बळंच ताटात कशाला वाढायचं? तुमी माझं मन राखायला येत हुता. मला आधीच कळाया पायजे हुतं."

सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. मग त्या म्हणाल्या, "रूथ कवाची बोलावतीय सोनईला. नाताळानंतर जाते तिकडं. घर द्यायचं कुनाला तरी भाड्यानं. हितं आता माझं काय काम हाय?"

हे त्या रडून म्हणाल्या असत्या तर मी समजूत काढली असती. त्या हसून म्हणाल्या, पाहुण्यांना निरोप देताना हसतात तसं. एकटी बाई, दवाखाना सुटलेला, आणि आठवड्यात एक रविवार त्यांचा होता. तोही आम्ही बटण दाबून काढून घेतला होता. सिस्टर तिसगावातून जाणार हे ऐकून मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी ती रागानंच झाकते.

घरी आल्यावर मी सरळ ह्यांना विचारलं, "तुमी कुनाला मत दिलं?"

"बेटांला," हे म्हणाले, शांतपणे.

मी हातातलं तांब्याभांडं आपटलं. ज्या विहिरीवर बसून स्वतःचं खरं सांगितलं तिला पाठ दाखवताना लाज नाही वाटली का, वगैरे जेवढं येतं तेवढं सगळं बोलून घेतलं. माझा आवाज उतरल्यावर म्हणाले, "अगं, त्यानं इचारलं भारी कंचं. इहिरी आपल्या हायेत. आपल्या घरच्याला आपनच भारी म्हनायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

मी मालनबाईंकडे गेले. त्यांचं मत नातवानं दाबलं होतं, पण सांगून. ड्रॅगनला. "त्यो केविन एवढा खर्च करून आनतो," त्या म्हणाल्या. "परक्याच्या ताटाला नावाजावं, बाई. आपल्या पोराला आपनच गुनाचा म्हनावं का? दिष्ट लागती."

आता हसावं की रडावं! लग्नात आपल्याकडचं जेवण कसं झालं विचारलं की आपण म्हणतो, कसलं काय, मीठ जरा जास्तच झालं. पाहुण्यांच्या घरची पिठलं-भाकरी मात्र अमृत. त्या रीतीनंच या शहाण्यांनी मोबाईलवर मतं टाकली होती! मी गावात जेवढ्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं. एकानं तर उलट मलाच झापलं, तुमी इहिरींला मत दिलं म्हंजे सोताची आरती सोताच केली.

पण तिसगावचं तिसगावापुरतं. सोनई आणि शेवगावच्या लोकांनी तर सिस्टरांना पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी ड्रॅगनला मत दिलं ते ड्रॅगन आवडला म्हणूनच ना? मग शनिवारी गिरणी चालू करून ह्यांच्या गळ्यात टाकली आणि केविनला चार शब्द सुनावायला मी शेवगावची गाडी धरली.

जिना चढले तेव्हा खेळ ऐन रंगात होता. टेबलाभोवती सात-आठजण. केविननं मला बघून मान हलवली, काकी बसा, एवढं संपू द्या. मी खुर्चीवर बसले, जीभ दाताखाली धरून.

ड्रॅगननं कुणाचातरी खांदा भाजला होता. भाजला तो खेळाडू सोनईचा करण नावाचा पोरगा, कारखान्यावर कामाला. केविन म्हणाला, "तुझ्याकडं लाल औषधाची कुपी आहे. प्यायलास की जखम भरेल."

करण म्हणाला, "पितो. पन थांब, आधी खरं सांगू दे."

"ड्रॅगनच्या राज्यात तसं नसतं," केविन म्हणाला. तो हे पहिल्यांदा सांगत नव्हता हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

"नसू दे," शेजारची बाई म्हणाली. "सांगितल्याबिगर औषध कसं लागू पडंल? सांग रे तू."

सगळं टेबल त्याच्याकडे वळलं. करणनं मान खाली घातली आणि सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते त्या टेबलाचं आहे. सांगून झाल्यावर शेजाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, करणनं नसलेली कुपी तोंडाला लावली, आणि ड्रॅगन बिचारा तोवर तिष्ठत उभा.

मी करणला विचारलं, "तुला हे कुनी शिकवलं?"

"शिकवलं न्हाई. सोनईला सगळे असंच खेळत्यात," तो म्हणाला. "का हो?"

"तिसगावच्या सिस्टर ठाऊक हायेत?"

"न्हाई बा. कोन त्या?"

मी केविनकडे बघितलं. आलेला राग कुठं ठेवावा कळेना. केविन कपाळाला हात लावून म्हणाला, "काकी, मी काय करू? बेटांवर गलबत बुडायला लागलं की हे खरं सांगायला बसतात. पुस्तकं माझी, ड्रॅगन माझा, आणि खेळतात सगळे मावशीचं. कुठलंही जग उघडलं तरी आत तिच्या विहिरी निघतात."

"मग मतदानात तसं का न्हाई निघालं?"

"कारण कुणाला वाटतच नाही की ते तिचं आहे. त्यांना वाटतं, खेळ म्हणजेच हे."

मग मी त्याला मावशीची चटई, सोनईला जाण्याचं बोलणं, सगळं सांगितलं. त्यामागचं कारण त्याला माहीत नव्हतं. आई म्हणाली होती मावशी येणार, तर पोराला आनंदच झाला होता. त्याचा चेहरा पडला. पुस्तकांचा ढीग त्यानं बाजूला सरकवला आणि करणला जवळ बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सिस्टरांकडे गेले आणि पाहिलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू लई चांगली हायेस, रुपाली. पन मला बरं वाटावं म्हनून बोलतीस." गिरणीवाल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काही सांगितलं, तर ते कुणाला खरं वाटेना!

दुपारी चर्च सुटून जेवणं झाल्यावर सिस्टरांच्या दारात टेम्पो थांबला. मागच्या हौद्यातून शेवगाव-सोनईची माणसं उतरली. करण, ती टेबलावरची बाई, आणखी कितीतरी. केविन पुढं बसला होता. आम्ही तिसगावकर होतोच. सिस्टर गडबडल्या. एवढ्यांना चहा कसा पुरवायचा हाच त्यांना पहिला घोर. मालनबाई आपल्या घरून दुधाचं पातेलं घेऊन आल्या.

केविननं भिंतीला उभी केलेली चटई स्वतः उलगडली. सिस्टर नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसायला गेल्या, तर त्यानं दंड धरून त्यांना आमच्यात, माझ्या आणि करणच्या मध्ये आणून बसवलं.

"आज तू सांगायचं नाहीस, मावशी. आज तू खेळायचंस."

"मला कुठं येतंय खेळायला?" सिस्टर म्हणाल्या, आणि खरंच घाबरल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांना त्या मुलखात नेलं होतं, स्वतः कधी पाय ठेवला नव्हता.

केविननं सांगायला सुरुवात केली. मुलूख ओळखीचाच होता. टेकडावरची वाट, ओढा, खिंड. मग खिंडीपलीकडे एक विहीर आली, तिच्या कठड्यावर हजार पायांचे ठसे होते, आणि ही विहीर खरं मागत नव्हती. तिला एखादी जुनी आठवण सांगितली की ती स्वतःची एक गोष्ट सांगायची.

सिस्टर मध्येच म्हणाल्या, "ही विहीर मी कधी सांगितली न्हवती."

"नाही," केविन म्हणाला. "ही शेवगावात खणली. करणनं आणि या सगळ्यांनी. सोनईच्या बाजूला आणखी तीन आहेत. एक तर उसाच्या फडात आहे. तू बघितलेल्या नाहीत अजून."

सिस्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या. विहिरीवर आलेल्या माणसाकडे बघायच्या तसं. ज्यांना त्या ओळखत नव्हत्या, ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली नव्हती, अशी ती माणसं. करणनं मान डोलावली. "फडातली लई गोड हाय, सिस्टर," तो म्हणाला. त्यांना सिस्टर म्हणतात हे त्याला कळून दोन दिवसही झाले नव्हते.

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मला वाटलं आता चहाच्या निमित्तानं आत जातील. त्या सरळ मांडी घालून बसल्या, हनुवटी हातावर टेकली.

"सांग की रे," त्या म्हणाल्या. "थांबलास का? मला आजवर कुनी गोष्ट सांगितली न्हवती."

आमचे हे नाक शिंकरायला अंगणात गेले. मीही रडत होते, आणि लपवत नव्हते. ज्या बाईनं गावच्या गाव गोष्टीतून पार नेलं, तिला हे मागायला एवढं वय व्हावं लागलं. देवानं ते मागण्याआधी टेम्पो भरून पाठवलं, याबद्दल त्याचेही उपकार. चर्चमधल्या देवाचे आणि आमच्याही.

खेळ चहाला थांबला. सिस्टर फडातल्या विहिरीवर पोचल्या होत्या आणि पुढं काय होणार म्हणून त्यांनी चहाही अर्धाच घेतला. केविननं हळूच विचारलं, "मावशी, आईला काय सांगू? खोली आवरून ठेवलीय तिनं तुझ्यासाठी."

"रूथला म्हनावं, न्हाई जमायचं," सिस्टर म्हणाल्या. "हितं लोक गोष्ट सांगायला येत्यात. कुनीतरी घरी पायजे का न्हाई?"